चार बोटं सरकलेला आरसा

मित्रांनो, जुन्या माणसाचं वय सुरकुत्यांवरून कळतं, माझं भात्याच्या घड्यांवरून. घड्या बावीस आहेत, त्यांतल्या सहांना ठिगळं आहेत. मी मैलापूरच्या चित्रांबिका स्टुडिओतला लाकडी कॅमेरा. तीन पायांवर उभा, पोट पुढे, डोळा एकच. खिशात मावणाऱ्या माझ्या नातवंडांसारखा मी माणसांच्या मागे कधी धावलो नाही. ज्याला फोटो हवा, तो अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इस्त्रीचे कपडे घालून माझ्यापुढे यायचा आणि पापणी न लवता उभा राहायचा. एवढा मान हल्ली देवालाही मिळत नाही.

माझं लाकूड नागरकोविलकडचं सागवान. भात्याचं कातडं मद्रासच्या एका वह्या बांधणाऱ्या म्हाताऱ्यानं शिवलं. भिंग मात्र जर्मन. म्हणजे हाडं इथली आणि नजर तिकडची. ज्या सुतारानं मला घडवलं, त्यानं शेवटचा हात फिरवून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाबा, लोकांना देखणं कर." बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. देखणं करणं माझ्या हातात नसतं. मी असेल ते घेतो. देखणं करते ती पेन्सिल, आणि ती एकांबरम अय्यांच्या बोटांत होती.

एकांबरम अय्या माझे धनी. अंगानं सडसडीत, धोतर पांढरं शुभ्र, कानामागे कायम एक टोकदार पेन्सिल. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या आणि जाताना चेहऱ्यावर आपली सही करून गेल्या होत्या. गालावर बोट टेकवायला सपाट जागा नव्हती. आणि नशिबाची गंमत पाहा, सगळ्या मैलापुरात लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवण्यात त्यांच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. फोटोची काच धुऊन वाळली की ते उत्तरेच्या खिडकीपाशी उतरत्या मेजावर बसत, काच उजेडाला टेकवत आणि पेन्सिलीच्या टोकानं एकेक खड्डा भरत. काचेवर पेन्सिल लागली की छापात तिथं उजळ होतं. मुलगी बघायला येण्याआधी तिचा फोटो मुलाच्या घरी जात असे, आणि कित्येक मुलींची लग्नं त्या खिडकीपाशीच अर्धी जमली असं मी म्हणेन. पुढची अर्धी जमताना काय होत असेल ते देव जाणे.

एक सवय त्यांनी कधी मोडली नाही. प्रत्येक काचेच्या काठावर ते बारीक अक्षरात दोन ओळी लिहीत. वरच्या ओळीत फोटो कोणाचा, खालच्या ओळीत काढणारा कोण. खालची ओळ नेहमी एकच असे: एकांबरम.

मला जग उलटं दिसतं, मित्रांनो. डोकी खाली, पाय वर. त्यामुळे मी चेहऱ्यांवर कधी फारसा विश्वास ठेवला नाही, पाय बघत आलो. जो मोकळं हसतो त्याच्या पायांचे अंगठे सैल असतात. जो फोटोसाठी हसतो त्याचे आवळलेले. दहा माणसं माझ्यापुढे आली की त्यांतली सात श्वास कोंडतात, दोन पोट आत ओढतात आणि उरलेला एक जण "माझा फोटो कधी चांगला येतच नाही" म्हणत सर्वांत जास्त वेळ भांग पाडतो. स्टुडिओत एकच काळा कोट होता. जाड्याला तो पुढून चढवून मागून चिमटे लावत, किरकोळ अंगाच्या माणसाला मागे उशी देत. त्या एका कोटात मी वकील, नवरदेव, सिंगापूरला निघालेले कारकून आणि एक भजनी बुवासुद्धा पाहिला. शेजारी तिपाईवर टेलिफोन होता. त्याला वायर नव्हती, पण तो कानाला लावल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो मोठेपणा यायचा तो अगदी अस्सल असायचा.

आता मद्रासला सिनेमा म्हणजे काय, हे मी सांगायला नको. कोडंबाक्कमच्या नट्या पडद्यावर मान जशी वळवत, तशी दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सगळ्यांची वळे. त्या काळी हेमांबुजम नावाची नटी फार गाजत होती. एका दुपारी तिची गाडी आमच्या दाराशी थांबली. समोरच्या भांड्याच्या दुकानात ताटं पडल्याचा आवाज आला, तेव्हा बाहेर काय गडबड झाली असेल ते मी ओळखलं.

मोत्यांचा सर, पांढरी रेशमी साडी, मान किंचित तिरकी. दिवा एका बाजूनं लावला, आणि खरं सांगतो, माझ्या जर्मन भिंगालाही घाम फुटला. तिच्या हनुवटीवर देवीचा एकच खड्डा होता. एकांबरम अय्यांनी तिथंच सांगितलं, "काळजी नको अम्मा, हा उद्या नसेल."

ती त्यांच्या तोंडाकडे बघून हसली. "अय्या, माझा एक खड्डा बुजवता, आणि स्वतःचे एवढे तसेच ठेवलेत?"

"हलवाई स्वतःची मिठाई खातो का अम्मा?"

"बोलण्यात हरणार नाही तुम्ही. चला, त्या खुर्चीवर बसा. आज हेमांबुजम तुमचा फोटो काढणार. फोटो काढायला तो रबरी फुगाच दाबायचा ना?"

"नको, नको. माझ्या एका फोटोला पेन्सिलींची अख्खी पेटी संपेल. दुकान बुडवता का माझं?"

सगळे हसले. गाडीचा ड्रायव्हरही हसला. पडद्याआड त्यांच्या पत्नी लोकांबाळ अम्मा कॉफीचे पेले घेऊन उभ्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत.

लोकांबाळ अम्मांना नवऱ्याचा एक फोटो हवा होता. इतकंच. लग्न गावाकडे झालं होतं, तिथं फोटोवाला नव्हता. मग शहरात येऊन हजारो लोकांचे फोटो निघाले आणि काढणाऱ्याचा एकही नाही. रात्रीची जेवणं झाली की मागच्या खोलीतून आवाज यायचा.

"अहो, एकच काढू द्या."

"तुला रोज दिसतो की, तोही फुकट."

"मला दिसता हो. पुढे नातवंडांना काय दाखवू? तुमचं धोतर?"

"उद्या बघू."

हा 'उद्या' मी अठरा वर्षं ऐकला, मित्रांनो. माझ्या घड्याळात इतका लांबलेला दिवस दुसरा नाही. माझ्याही मनात तेच होतं. जो माणूस काळं कापड डोक्यावर घेऊन दिवसातून वीस वेळा माझ्या पाठीशी गाल टेकवत होता, त्याचा श्वास मला पाठ होता, पण त्याचा चेहरा माझ्या डोळ्यात कधी उतरला नव्हता. मी सगळ्या गावाला पाहिलं आणि आपल्या माणसाला पाहिलं नाही.

आता मी तुम्हाला आरशाच्या फोटोबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्या आरशात घडलं.

आमच्याकडे मुलीची वेणी फुलांनी शिवतात. मोगरा, मध्ये अबोली, टोकाला केवडा. मुलगी वयात आली की एकदा, आणि बाळंतपणाआधी सातव्या महिन्यात बांगड्या भरल्या की पुन्हा एकदा. शिवायला दोन तास लागतात आणि कोमेजायला दोनच. त्यामुळे वेणी झाली की मुलीला थेट स्टुडिओत आणायचं, तिच्या मागे मोठा आरसा ठेवायचा आणि समोरून चेहरा, आरशातून वेणी, असं दोन्ही एका फोटोत घ्यायचं. वाटतं तितकं हे सोपं नाही. आरसा सगळ्यांशी सारखाच वागतो. आसपासच्या स्टुडिओंतल्या फोटोंत वेणीच्या शेजारी कधी फोटोवाल्याची ढेरी दिसे, कधी खुंटीवरचा त्याचा पंचा. एकांबरम अय्यांच्या आरशात फक्त वेणी दिसायची. त्यांनी फरशीवर तीन खुणा ठरवल्या होत्या. एक आरशाच्या पायाची, एक माझ्या पायांची आणि एक त्यांच्या स्वतःच्या पावलांची. काळ्या कापडातून बाहेर आले की ते माझ्या उजवीकडे त्या तिसऱ्या खुणेवर उभे राहून रबरी फुगा दाबत. खुणा जागेवर असल्या की आरशाला ते दिसतच नसत.

दर शुक्रवारी फरशी धुतली जाई आणि खुणा पुसल्या जात. त्या पुन्हा घालायचं काम लोकांबाळ अम्मांचं. रोज पहाटे दारात ठिपक्यांची रांगोळी, आमचा कोलम, घालणारा हात तो. एकवीस ठिपक्यांच्या एकवीस ओळी त्या न मोजता टाकत आणि एक ठिपका इकडचा तिकडे होत नसे. त्यामुळे अय्यांनी त्या खुणा कधी तपासून पाहिल्या नाहीत.

बासष्ट साली त्यांची एकुलती एक मुलगी मरगदम सातव्या महिन्यात बांगड्या भरून माहेरी आली. शनिवारी तिचा आरशाचा फोटो काढायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी अय्या झोपले होते. लोकांबाळ अम्मांनी फरशी धुतली, खुणा घातल्या आणि मग एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी तो काळा कोट काढून उभ्या खुंटाळ्याला अडकवला आणि खुंटाळा अय्यांच्या पावलांच्या खुणेवर ठेवला. कोटावर, जिथं डोकं यायचं तिथं, एक पितळी तांब्या पालथा घातला. मग इकडेतिकडे बघून त्या माझ्या मागे आल्या आणि काळं कापड स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतलं.

त्या कापडात तोवर दुसरं कोणी शिरलं नव्हतं. त्यांच्या केसांतल्या खोबरेलाचा वास मला आला. काचेवर उलटं दृश्य दिसताच त्या फसकन हसल्या, "अगंबाई, सगळं घरच डोक्यावर उभं!" मग बाहेर जाऊन आरसा एक बोट सरकवला. पुन्हा कापडात आल्या. पुन्हा एक बोट. चौथ्या बोटाला आरशाच्या कडेला कोट दिसला आणि कोटावर पितळी तांब्या चमकला. त्यांनी जुनी खूण पदरानं पुसली आणि नवी घातली, चार बोटं पलीकडे. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू गप्प राहा हं."

मी गप्प राहण्याखेरीज काय करणार होतो?

शनिवारी मरगदम आली. हातभर हिरव्या-लाल बांगड्या, पाठीवर मोगऱ्याची जड वेणी, पोटावर नकळत ठेवलेला एक हात. अय्या कापडात शिरले, भिंग नीट केलं. आरशात वेणी होती आणि कडेला, ते स्वतः कापडात असल्यामुळे, रिकामी भिंत. आणखी एक कोपरा होता, त्यात माझा एक पाय आणि कापडाचं टोक. पण ते अंधारात अंधार, त्यांच्या नजरेतून निसटलं. त्या दिवशी त्यांचे डोळे तसेही ओले होते. काच भरून ते बाहेर आले, आपल्या खुणेवर उभे राहिले, हातात फुगा.

"मान जरा वर. हलू नकोस. हस."

"अप्पा, आधी तुम्ही हसा," मरगदम म्हणाली. लहानपणापासून तिचं हेच असे. "तुम्ही हसलात की मी हसते."

ते हसले. फुगा दाबला. आणि त्या क्षणभरात, मित्रांनो, मी माझ्या माणसाला पाहिलं. आरशात वेणीच्या शेजारी, सगळे खड्डे, सगळे दात, पोरीकडे बघत असलेला. त्यांच्या कोपराशी माझा स्वतःचा पायही होता. आयुष्यात मी स्वतःला तेवढंच पाहिलं.

काच धुऊन अय्या बाहेर आले आणि खिडकीपाशी उजेडात धरली. किती वेळ उभे होते मी मोजलं नाही. लोकांबाळ अम्मा दारात होत्या.

"कसा आलाय?"

"बिघडला. काचेवर धूर धरलाय. वेणी ताजी आहे तोवर पुन्हा काढू."

"धूर कुठं धरला नेमका?"

"आरशात," अय्या म्हणाले आणि अम्मांकडे बघितलं. "खुणा कोणी घातल्या होत्या?"

"मीच. चुकल्या का?"

"तुझा ठिपका कधी चुकलाय?"

अय्यांनी आरसा स्वतः चार बोटं मागे घेतला आणि दुसरा फोटो काढला. तो छान आला, वेणीसकट, धुराशिवाय. मग पहिली काच घेऊन ते मेजापाशी बसले, दाराकडे पाठ करून. लोकांबाळ अम्मांना फक्त पात्याची खरखर ऐकू आली. खर, खर, खर. पदराचं टोक तोंडाशी धरून त्या आत निघून गेल्या. त्यांना वाटलं, नवरा काचेवरून स्वतःला खरवडून काढतोय.

मला माहीत होतं तो आवाज कसला आहे. ते पेन्सिलीला टोक करत होते. पण मला तोंड कुठं आहे?

ती काच त्यांनी पुसली नाही आणि छापलीही नाही. माझ्या काचा ठेवायच्या चपट्या लाकडी चौकटी असतात. त्यांतल्या एकीचं झाकण मोडलं होतं. तिच्यात ती काच घातली, चौकट सुतळीनं बांधली आणि माझ्या पायाशी असलेल्या पेटीच्या तळाला ठेवली. का फोडली नाही आणि का दाखवली नाही? माणसाला जे हवंहवंसं वाटतं त्याचीच लाजही वाटते, असं माझ्या बघण्यात आहे. अम्मांनी पुन्हा कधी फोटोचं नाव काढलं नाही. कधीकधी अय्या त्या पेटीपर्यंत जात, सुतळीला हात लावत, आणि आतून कॉफीची हाक आली की परत फिरत. तोही एक 'उद्या'च होता.

मग रंगीत फोटो आले. पेन्सिलीचं काम संपलं, कारण रंगीत फोटोत लोक आपोआप गुलाबी दिसत. ज्यांचे आईबाप माझ्यापुढे श्वास कोंडून उभे राहिले होते, ती मुलं लहानसा कॅमेरा गळ्यात अडकवून दारावरून जायची. चौऱ्याऐंशी साली एका सकाळी एकांबरम अय्या विभूती लावता लावता भिंतीला टेकले आणि तसेच राहिले.

सोळाव्या दिवसाच्या कार्यासाठी फोटो हवा होता. हार घालायला, पुढे दिवा लावायला. सगळ्या घरानं काचा पालथ्या घातल्या. सगळं मैलापूर निघालं, अय्या निघेनात. शेवटी जावई तंगवेलू एका चित्रकाराला घेऊन आला. चित्रकारानं नातेवाइकांना विचारून विचारून नाक कोणासारखं, कपाळ कोणासारखं, असं करत एक चित्र रंगवलं. गोरा, गुळगुळीत, कोरीव मिशांचा माणूस.

लोकांबाळ अम्मांनी ते हातात घेतलं. "हा कोण?"

"अम्मा, अप्पाच आहेत," मरगदम म्हणाली.

"तुझे अप्पा? अगं, हा तर हेमांबुजमचा हिरो दिसतोय. परक्या पुरुषापुढे मी दिवा कसा लावू?"

लोक रडता रडता हसले. दिवा लावला, कारण दिवस होता. सतराव्या दिवशी अम्मांनी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

त्यानंतर तंगवेलूनं काचा विकल्या. घेणारा त्या खरवडून, स्वच्छ करून देवांच्या तसबिरींना लावणार होता. पोतीच्या पोती गेली. माझे सगळे वकील, नवरदेव, मोगऱ्याच्या वेण्या, हेमांबुजमची तिरकी मान. मी डोळ्यावर झाकण असलेला, नुसता आवाज ऐकत होतो. शेवटी तंगवेलू माझ्या पेटीपाशी आला आणि त्यानं सासूला हाक मारली.

"अत्ते, या लाकडी चौकटीही देऊन टाकू? एक तर मोडकीच आहे, सुतळीनं बांधलीय."

सुतळीला त्याचा हात लागल्याचा आवाज मी ओळखला.

"राहू दे तिथंच," अम्मा आतून म्हणाल्या. "म्हाताऱ्याची कवळी कोणी वेगळी विकतं का?"

अशी ती काच वाचली. पुढची चोवीस वर्षं माझ्यावर टॉवेल वाळले. भात्यात पालीनं अंडी घातली. कोणीतरी डोळ्यावर बिस्किटाच्या डब्याचं झाकण बसवलं. पाहुणे येत, "अय्यो, केवढा जुना!" म्हणत आणि मला टेकून चपला घालत. अम्मा मात्र रोज संध्याकाळी माझ्या पायाशी खुर्ची ओढून बसत. ज्या पेटीला त्यांचा पाय लागत होता, तिच्यातच ती काच होती. हातभर अंतर, आणि मी लाकडाचा. मित्रांनो, ओझी मी पुष्कळ वाहिली आहेत, पण न सांगता आलेल्या गोष्टीचं ओझं सर्वांत जड.

मग एक सिनेमावाले आले. त्यांना जुन्या जमान्याचं गाणं करायचं होतं, मोत्यांच्या सरातली नटी आणि लाकडी कॅमेरा. जुनं झालं की जगाला त्याचं प्रेम येतं, फक्त मधली वर्षं काढता आली पाहिजेत. मला पुसायला मरगदमची मुलगी कयल्विळी बसली. सातव्या महिन्यातला तो हात जिच्यावर होता, तीच ही. आता तिच्याच केसांत चार पांढरे होते. तिनं माझं अंग खोबरेलानं पुसलं, पालीची अंडी काढली, मग पेटीतल्या चौकटी एकेक उघडून झटकल्या. सुतळी कुजली होती. हात लागताच तुटली.

तिनं काच खिडकीत धरली. काचेवर सगळं उलट असतं, केस पांढरे, मोगरा काळा. आधी तिनं आईला ओळखलं बांगड्यांवरून. मग आरशाकडे बघितलं. मग काठावरची अक्षरं वाचायला काच फिरवली, आणि तिथंच खाली बसली.

पार्क टाउनमध्ये एक म्हातारा अजून काचेवरून छाप काढून देतो. तीन दिवसांनी छाप घरी आला, चांगला मोठा. लोकांबाळ अम्मा शहाऐंशीच्या झाल्या होत्या, नजर अधू. त्यांनी कागद तोंडाशी नेला, लांब धरला, मान हलवली.

"पाट्टी, थांब," कयल्विळी म्हणाली आणि माझ्याकडे आली. फिरकी फिरवून तिनं माझं भिंग काढलं आणि आजीच्या हातात दिलं. भिंगातून मोठं दिसतं ना! अशा रीतीनं माझाच डोळा लोकांबाळ अम्मांच्या डोळ्याला लागला आणि आम्ही दोघांनी मिळून अय्यांना पाहिलं.

मग अम्मांचं बोट कागदावरून हळूहळू सरकायला लागलं.

"नाकाच्या डावीकडे तीन. आहेत. भुवईत एक. आहे. हनुवटीवरचा हा मोठा, यात रोज सकाळी विभूती अडकायची, मी पदरानं काढायची." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सगळे आहेत गं. स्वतःला पेन्सिल लावलीच नाही त्यांनी."

मग एकदम म्हणाल्या, "मग ती खरखर कसली होती?"

"कसली खरखर?"

"काही नाही. काठावर लिहिलेलं असतं बघ दोन ओळीत. काय लिहिलंय?"

कयल्विळीनं वाचलं, "फोटो: एकांबरम आणि मरगदम."

"आणि खाली?"

"काढणारी: लोकांबाळ."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. अम्मांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि तेव्हा त्या हसल्या, कापडातून उलटं घर बघून हसल्या होत्या तशाच. "बघितलंस? जाईपर्यंत बावीस वर्षं माहीत होतं त्यांना, आणि मला सांगायला तोंड नाही उघडलं. असा माणूस!"

फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला, आईवडील, सासूसासरे यांच्या रांगेत. मरगदमनं मोगऱ्याचा हार आणला, स्टुलावर चढली आणि हात वर नेऊन थबकली.

"अम्मा, यात मी आहे की! जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घालायचा?"

"त्यात काय," तंगवेलू म्हणाला, "आरशाएवढा भाग कापून वेगळा करू."

"माझ्या फोटोला कात्री लावायची नाही," लोकांबाळ अम्मा म्हणाल्या. "काढणाऱ्याचं नाव वाचलंत ना? मग काढणाऱ्याला विचारा. हार आण इकडे." आणि तो हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला.

ज्या हारासाठी एवढी वर्षं फोटो शोधला, तो हार त्या फोटोला पडलाच नाही. आजही त्या भिंतीवर सगळ्यांना हार आहेत, एकांबरम अय्यांना नाही. ते अजून पोरीकडे बघत, हातात फुगा धरून उभे आहेत, आता कापडाकडे वळतील असे. त्यांच्या कोपराशी माझा एक पाय आहे.

तर मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, प्रत्येक म्हातारा हेच म्हणतो. जपाच. मोडकी चौकट टाकण्याआधी एकदा उघडून बघा. पण माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरीही एक माणूस असतो, जो सगळ्यांना रांगेत उभं करतो, पोरांना हसवतो, बटण दाबतो आणि स्वतः कुठल्याच फोटोत नसतो. त्याला एकदा माझ्या भिंगासमोर आणा. तो हसून म्हणेल, "उद्या."

तेव्हा वाद घालू नका. आरसा चार बोटं सरकवा.